बेरिंग समुद्रात जप्त झालेली सीलची कातडी: भरपाई कशी ठरली आणि कुणाला मिळाली

प्रश्न थोडक्यात असा: १८८६ पासूनच्या काही वर्षांत अमेरिकेने बेरिंग समुद्रात ब्रिटिश झेंड्याखालची, म्हणजे प्रत्यक्षात कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरातली, सील शिकारीची जहाजं पकडली आणि त्यांवरची कातडी जप्त केली. पुढे पॅरिसच्या लवादात अमेरिका हरली. मग जहाजमालकांना भरपाई मिळाली का? कशाच्या आधारावर? आणि ‘पकडले गेलो नसतो तर हंगाम संपेपर्यंत आणखी एवढी सील मारली असती’ या हुकलेल्या शिकारीचे पैसे त्यात धरले का? विचारणारी विद्यार्थिनी सागरी कायद्यावर प्रबंध लिहिते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मुंबईत जहाज आणि मालाच्या दाव्यांचं काम करतो. हाताखालच्या मुलांना हे प्रकरण मी आवर्जून वाचायला लावतो, कारण जप्तीच्या दाव्यात जे जे वाद उभे राहू शकतात ते जवळजवळ सगळे यात आहेत.

आधी थेट उत्तर. पैसे मिळाले. एकूण ४,७३,१५१ डॉलर २६ सेंट. पहिली जप्ती ऑगस्ट १८८६ मधली आणि अमेरिकेने रक्कम चुकती केली जून १८९८ मध्ये. या रकमेत मुद्दल २,९४,१८१ डॉलर ९१ सेंट होतं आणि बाकीचे १,७८,९६९ डॉलर ३५ सेंट हे व्याज. शंभरातले जवळपास अडतीस डॉलर नुसते उशिराचे! हक्काचा निकाल १८९३ मध्येच लागला होता, तरी पैशाचा निकाल लागायला आणखी चार वर्षं गेली आणि ती दुसरी लढाई पूर्णपणे वेगळ्या हत्यारांनी लढली गेली. तुमच्या प्रबंधात हे दोन निकाल वेगवेगळे मांडा, कारण बहुतेक लेखनात ते एकमेकांत मिसळलेले असतात.

आता पार्श्वभूमी, लागेल तेवढीच. १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेतलं. त्यात बेरिंग समुद्रातली प्रिबिलोफ बेटं आली. सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज या बेटांवर फर सील दर उन्हाळ्यात पिल्लं घालायला लाखोंनी येत. १८७० मध्ये अमेरिकी सरकारने बेटांवर सील मारायचा मक्ता अलास्का कमर्शियल कंपनीला वीस वर्षांसाठी दिला. वर्षाला ५५,००० डॉलर भाडं, शिवाय दर कातड्यामागे २ डॉलर ६२.५ सेंट कर, आणि वर्षाला एक लाखापर्यंत कातडी काढायची मुभा. मक्त्याचा हिशेब सरळ होता. अडचण अशी की सील काही बेटावर बसून राहत नाहीत. माद्या पिल्लांना बेटावर ठेवून चाऱ्यासाठी शे-दोनशे मैल समुद्रात जातात. व्हिक्टोरियाच्या शिडाच्या स्कूनर तिथे त्यांना गाठत. पहाटे स्कूनरवरून होड्या पाण्यात उतरत, एका होडीत दोघे, आणि पाण्यावर झोपलेल्या सीलजवळ आवाज न करता जाऊन भाला मारायचा. पुढे बंदुका आल्या. हे शिकारी बहुतांशी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी, नू-चा-नुल्थ लोक होते. त्यांचं नाव इथेच नोंदवून ठेवतो, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

समुद्रातली ही शिकार सीलसाठी घातक होती यात शंका नाही. मारली जायची ती बहुतेक मादी, तिच्या पोटात पुढचं पिल्लू आणि बेटावर मागचं पिल्लू उपाशी. गोळी लागलेली कितीतरी सील हाती यायच्या आत बुडून जात. अमेरिकेची ही बाजू खरी होती आणि मला ती मनापासून पटते. पण एखादी गोष्ट वाईट आहे म्हणून ती खुल्या समुद्रात दुसऱ्याच्या झेंड्याखालच्या जहाजावर जाऊन थांबवायचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही, आणि भरपाईचा सगळा डोलारा या एका मुद्द्यावर उभा आहे.

१ आणि २ ऑगस्ट १८८६ रोजी अमेरिकेच्या महसूल खात्याच्या कॉर्विन या जहाजाने थॉर्नटन, कॅरोलिना आणि ऑनवर्ड या तीन स्कूनर पकडल्या. त्या जमिनीपासून साठ मैलांहून जास्त लांब होत्या. त्या काळी किनाऱ्यालगतचा हक्काचा पट्टा तीन मैलांचा मानला जाई. कप्तान आणि मेट (कप्तानाचे दुय्यम अधिकारी) यांना अलास्कातल्या सिटकाच्या न्यायालयात उभं केलं. ‘अलास्काच्या हद्दीत किंवा तिथल्या पाण्यात’ फर असलेले प्राणी मारू नयेत असा अमेरिकी कायदा होता. न्यायाधीश लाफायेट डॉसन यांनी ज्यूरीला सांगितलं की १८६७ च्या करारात नकाशावर ओढलेल्या रेषेच्या आतलं सगळं पाणी अलास्काचंच. कप्तानांना ५०० डॉलर दंड, मेटना ३०० डॉलर, वर तीस दिवसांची कैद. कॅरोलिनाचा वयस्कर कप्तान जेम्स ओगिल्व्ही शिक्षा होण्याआधीच मरण पावला.

यानंतर जे घडलं ते दाव्यांचं काम करणाऱ्याने बारकाईने वाचावं. ब्रिटनने निषेध नोंदवला आणि जानेवारी १८८७ मध्ये वॉशिंग्टनहून ॲटर्नी जनरल गार्लंड यांनी राष्ट्राध्यक्षांच्या सूचनेवरून डॉसन यांना हुकूम धाडला: कारवाई थांबवा, जहाजं सोडा, माणसं सोडा. डॉसन यांनी आधी त्याप्रमाणे आदेश काढला, मग हा संदेश खोटाच असावा अशा समजुतीने तो मागे घेतला. खुलासा होऊन सुटकेचा आदेश प्रत्यक्षात पोचेपर्यंत महिने उलटले. तोवर जहाजं किनाऱ्यावर पडून होती आणि उघड्यावर पडलेलं लाकडी जहाज वर्षभरात काय होतं हे ससून डॉकला किंवा रत्नागिरीला ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. मालकांना ‘या, घेऊन जा’ म्हटलं तेव्हा घेऊन जाण्याजोगं त्यात काही उरलं नव्हतं.

इथे दोन वाद जन्माला येतात. जप्तीच्या दिवशीची किंमत धरायची की सुटकेच्या दिवशीची? आणि सुटकेचा आदेश निघाल्यावर मालकाने जाऊन जहाज ताब्यात न घेतल्याने नुकसान वाढलं, तर ते कुणाच्या माथी? अमेरिकेचं म्हणणं होतं की मालकांनी नुकसान कमी करायचा प्रयत्न केला नाही. ब्रिटनचं उत्तर असं की शेकडो मैलांवर, खलाशांचा नवा ताफा नेऊन, सडलेलं जहाज ओढून आणण्याचा खर्च जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त. माझ्या मते ब्रिटनची बाजू निर्विवाद बरोबर होती. नुकसान आटोक्यात ठेवायची जबाबदारी दावेदारावर असते, पण ती शहाण्या माणसाने करावं एवढ्यापुरतीच. आजही गोदीत अडकलेल्या मालाच्या दाव्यात हाच युक्तिवाद समोरून येतो. तेव्हा सुटकेचा आदेश नेमका कोणत्या तारखेला हाती पडला आणि त्या दिवशी माल कोणत्या अवस्थेत होता याचा सर्व्हे रिपोर्ट तुमच्याकडे हवाच.

१८८७ मध्ये डब्ल्यू. पी. सेवर्ड, डॉल्फिन, ॲना बेक, ग्रेस, आल्फ्रेड ॲडम्स, एडा अशी आणखी जहाजं सापडली. १८८८ शांत गेलं. १८८९ मध्ये रिचर्ड रश या अमेरिकी जहाजाने पुन्हा धरपकड केली आणि ती वेगळ्या प्रकारची होती. ११ जुलैला ब्लॅक डायमंड ही स्कूनर पकडली, तिच्यावरची कातडी आणि हत्यारं काढून घेतली, आपला एकच माणूस तिच्यावर चढवला आणि हुकूम दिला की सिटकाला जा. स्कूनर सरळ व्हिक्टोरियाला घरी परतली, त्या माणसासकट. त्यामुळे अशा प्रकरणांत जहाजाची किंमत मागायचा प्रश्नच नव्हता. मागणी होती जप्त कातड्यांची आणि हातातून गेलेल्या हंगामाची. बेरिंग समुद्रातला हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा. ११ जुलैला ज्याचे भाले आणि बंदुका गेल्या त्याचा जवळपास सगळा हंगाम गेला. १ ऑगस्टला पकडलेल्या थॉर्नटनचा महिनाभराचा. त्यामुळे जप्तीची तारीख हा दाव्यातला नुसता तपशील राहत नाही, ती दाव्याचा गुणक असते.

राजकीय पत्रव्यवहार मी एका वाक्यात उरकतो: अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्लेन आणि ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांच्यात १८९० मध्ये लांबलचक पत्रं झाली, १८९१ मध्ये शिकार तात्पुरती थांबवायचा समझोता झाला आणि २९ फेब्रुवारी १८९२ रोजी लवादाचा करार झाला. त्या कराराचं आठवं कलम मात्र पुन्हा पुन्हा वाचा. भरपाईची जबाबदारी कुणाची हे लवादापुढे ठेवण्याबाबत दोन्ही सरकारांचं एकमत झालं नाही. म्हणून ठरलं असं की लवादाने दाव्यांशी संबंधित वस्तुस्थिती काय तेवढी नोंदवावी, जबाबदारी आणि रक्कम यांची बोलणी नंतर करू. हक्काचा निकाल लागूनही पैसे का मिळाले नाहीत याचं मूळ इथे आहे. माझ्या अशिलांना मी नेहमी सांगतो की लवादाच्या करारात ‘रक्कमही हेच पंच ठरवतील’ हे वाक्य नसेल तर सही करू नका. निकाल खिशात ठेवून पुन्हा दारोदार फिरावं लागतं.

पॅरिसच्या लवादात सात पंच होते. अमेरिकेचे न्यायमूर्ती हार्लन आणि सिनेटर मॉर्गन, ब्रिटनतर्फे लॉर्ड हॅनन आणि कॅनडाचे पंतप्रधान सर जॉन थॉम्पसन, आणि तटस्थ तिघे: फ्रान्सचे बॅरन द कुर्सेल, इटलीचे मार्क्विस व्हिस्कोंती व्हेनोस्ता, स्वीडन-नॉर्वेचे ग्रेगर्स ग्राम. अध्यक्षपद कुर्सेल यांच्याकडे. सुनावणीआधीच एक प्रकार घडला जो पुराव्याच्या दृष्टीने फार बोलका आहे. रशियाने पूर्वी या समुद्रावर परक्या शिकाऱ्यांना बंदी घातली होती आणि तो हक्क आपल्याला वारशाने मिळाला, असा अमेरिकेचा युक्तिवाद होता. त्यासाठी रशियन कागदपत्रांची भाषांतरं इव्हान पेट्रॉफ या भाषांतरकाराकडून करून घेतली होती. त्याने त्यांत मुळात नसलेली वाक्यं घुसवली होती. १८९२ च्या शेवटी ते अमेरिकेच्याच लक्षात आलं, तिने ते ब्रिटनला कळवलं आणि ती भाषांतरं मागे घेतली. बाजूचा एक मोठा खांब सुनावणीआधीच निखळला. मला यात अमेरिकेच्या अधिकाऱ्यांचा प्रामाणिकपणाही दिसतो, तो नोंदवायला हवा. आणि भाषांतरित कागद मूळ प्रतीशी कुणीतरी दुसऱ्याने ताडून पाहिल्याशिवाय लवादात दाखल करू नये, हेही.

१५ ऑगस्ट १८९३ चा निकाल अमेरिकेच्या विरुद्ध गेला. तीन मैलांपलीकडे सीलवर मालकी हक्क किंवा संरक्षणाचा खास अधिकार अमेरिकेला नाही, असं पाच विरुद्ध दोन मतांनी ठरलं. त्याच निकालात सीलच्या रक्षणासाठी नियमही घातले: प्रिबिलोफभोवती साठ मैलांत शिकार बंद, १ मे ते ३१ जुलै बंदी, फक्त शिडाची जहाजं, परवाना सक्तीचा. आणि आठव्या कलमाप्रमाणे, दोन्ही बाजूंनी मान्य केलेली वस्तुस्थिती नोंदवली: जप्त्या झाल्या, त्या सरकारच्या अधिकाराने झाल्या, जहाजं अमुक ठिकाणी होती. किंमत मात्र कोरी.

ब्रिटनने मांडलेला दावा, व्याज सोडून, सुमारे ५ लाख ४२ हजार डॉलरचा होता आणि त्यातला मोठा हिस्सा हुकलेल्या शिकारीचा. १८९४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ग्रेशम यांनी ४ लाख २५ हजार डॉलर एकरकमी देऊ केले. ब्रिटन राजी होता. अमेरिकी काँग्रेसने पैसे मंजूर केले नाहीत. विरोधकांचं म्हणणं, न झालेल्या शिकारीचे पैसे कसले द्यायचे. शेवटी अमेरिकेला याहून ४८ हजार डॉलर जास्त मोजावे लागले, कमिशनचा आणि वकिलांचा खर्च वेगळाच. तडजोड नाकारताना पुढच्या चार वर्षांच्या व्याजाचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

८ फेब्रुवारी १८९६ ला नवा करार झाला आणि दोन कमिशनर नेमले: कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉर्ज किंग आणि अमेरिकेचे न्यायाधीश विल्यम पटनम. दोघांचं जमलं नाही तर तिसरा पंच नेमायची तरतूद होती, तिची गरज पडली नाही. नोव्हेंबर १८९६ पासून व्हिक्टोरियात साक्षी झाल्या. कप्तान, शिकारी, जहाज बांधणारे, कातड्यांचे व्यापारी असे साक्षीदार एकामागून एक आले. १७ डिसेंबर १८९७ ला निवाडा झाला.

त्या दाव्यांत कोणकोणत्या बाबी होत्या ते पाहा. जहाजाची किंमत. जहाजावरचा सरंजाम, म्हणजे होड्या, बंदुका, दारूगोळा, धान्य आणि मीठ. मिठाला इथे फार महत्त्व आहे, कारण सोललेलं कातडं लगेच मीठ लावून तळाशी रचून ठेवलं नाही तर ते लंडनच्या लिलावापर्यंत टिकत नाही. किती मीठ भरून निघालात यावरून किती शिकारीची अपेक्षा होती याचा अंदाज बांधता येतो. मग आगाऊ दिलेले पगार, विम्याचा हप्ता, कोर्टाचा खर्च, कप्तान आणि मेट यांना झालेल्या कैदेबद्दल वैयक्तिक दावे. जप्त कातडी. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठी, हुकलेली शिकार.

जप्त कातड्यांचा हिशेब सोपा होता. पकडणाऱ्या अधिकाऱ्यांनीच मोजून यादी केली होती, तेव्हा आकड्यावर भांडण नाही. भांडण दराचं. व्हिक्टोरियाचा दर धरायचा की लंडनचा, भाडं, विमा, दलाली वजा करून? समुद्रात मारलेल्या सीलच्या कातड्याला भाल्याचं किंवा छऱ्यांचं भोक असतं, त्यामुळे बेटावरच्या कातड्यापेक्षा भाव कमी. दाव्यात हे सगळं तपशिलात उतरून मांडावं लागतं. ज्याच्याकडे लिलावाच्या पट्ट्या होत्या त्याचं काम निभावलं.

हुकलेल्या शिकारीबद्दल अमेरिकेचा मुख्य आधार होता १८७२ चा जिनिव्हा निवाडा. अमेरिकी यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या अलाबामा या जहाजाने अमेरिकी व्यापारी जहाजांचं केलेलं नुकसान ब्रिटनने भरून द्यावं, असं ते प्रकरण. त्यात लवादाने ब्रिटनवर दीड कोटीहून जास्त डॉलर बसवले, पण भावी कमाई अनिश्चित घटनांवर अवलंबून असते म्हणून ती भरपाईत धरता येणार नाही असं म्हटलं. तेव्हा तो नियम अमेरिकेच्या अंगावर आला होता, पंचवीस वर्षांनी तिने तोच ढाल म्हणून पुढे केला. वरकरणी तर्क बिनतोड वाटतो: सील दिसतील की नाही, धुकं पडेल की नाही, कुणी सांगावं?

मला हा तर्क मान्य नाही, आणि कारण व्यवहारातलं आहे. शिकारी जहाजाला हुकलेली शिकार नाकारली तर त्याला भरपाई अशी जवळजवळ नाहीच. त्याचं सगळं भांडवल हंगामाच्या आठ-दहा आठवड्यांसाठी गुंतलेलं असतं; मीठ, पगार, धान्य हा खर्च आधीच झालेला असतो. आणि अंदाज हवेतला नसतो. त्याच हंगामात, त्याच पाण्यात, न पकडलेल्या तेवढ्याच होड्यांच्या जहाजांनी किती कातडी आणली याचे आकडे व्हिक्टोरियात उपलब्ध होते. होडीमागे सरासरी काढा, उरलेल्या दिवसांनी गुणा, वाचलेला खर्च वजा करा. ब्रिटनने दावा याच धर्तीवर मांडला होता.

किंग आणि पटनम यांनी काय केलं? त्यांनी जहाजागणिक मुद्दल आणि व्याज यांचे आकडे दिले आणि कारणं दिली नाहीत. त्यामुळे ‘या कमिशनने हुकलेला नफा मान्य केला’ किंवा ‘नाकारला’ असं सरसकट विधान कुठे वाचलंत तर सावध राहा. प्रबंधात हा निवाडा तत्त्वाचा आधार म्हणून वापरू नका, रकमांचा आधार म्हणून वापरा.

तत्त्व हवं असेल तर रशियाकडे वळा. १८९१ आणि १८९२ मध्ये रशियाने त्याच परिसरात अमेरिकेची चार जहाजं पकडली: जेम्स हॅमिल्टन लुईस, सी. एच. व्हाइट, केट अँड ॲना या सील शिकारीच्या स्कूनर आणि केप हॉर्न पिजन हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज. आता अमेरिका दावेदार झाली होती आणि तिचे युक्तिवाद उलटले. डच कायदेपंडित टोबियास ॲसर एकमेव पंच होते. (१९११ च्या शांततेच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ते हेच.) २९ नोव्हेंबर १९०२ च्या निवाड्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं की भरपाईत झालेलं नुकसान तर येतंच, बुडालेला लाभही येतो, आणि तो लाभ खात्रीने झाला असता हे सिद्ध करण्याची गरज नाही, गोष्टी नेहमीच्या क्रमाने घडत्या तर तो होण्यासारखा होता एवढं पुरे. केप हॉर्न पिजनला ३८,७५० डॉलर, जेम्स हॅमिल्टन लुईसला २८,५८८, सी. एच. व्हाइटला ३२,४४४ आणि केट अँड ॲनाला १,४८८, सगळ्यांवर सहा टक्के व्याज. शेवटची रक्कम इतकी लहान का? कारण तिथे कातडी काढून घेऊन जहाज सोडून दिलं होतं. आपल्या सागरी हद्दीत गुन्हा केला म्हणून बाहेर पाठलाग करून पकडलं, हा रशियाचा बचावही ॲसर यांनी मानला नाही. माझ्या दृष्टीने जप्त मालाच्या दाव्यांच्या इतिहासात हा निवाडा पॅरिसपेक्षा मोलाचा आहे आणि तो फार कमी वाचला जातो.

आपल्या करार कायद्याचं कलम ७३ वाचलेल्याला ही भाषा ओळखीची वाटेल. तिथेही नेहमीच्या क्रमाने उद्भवणारं नुकसान मिळतं, लांबचं आणि आडवळणाचं मिळत नाही. कलम करारभंगापुरतं आहे, जप्ती हा वेगळा विषय, तरी विचाराची चाकोरी एकच.

आता मालकीचा मुद्दा, ज्यावर दावे खरे अडतात. ब्रिटिश झेंडा आहे म्हणजे मालक ब्रिटिश असं होत नाही. थॉर्नटन, ॲना बेक, सेवर्ड वगैरे काही जहाजांच्या रजिस्टरवर एका ब्रिटिश प्रजाजनाचं, कूपर याचं नाव होतं, पण तो राहायचा सॅन फ्रान्सिस्कोला. गहाणखतं, कर्ज आणि नफ्याची वाटणी यांच्या धाग्याने पुढे गेलं की व्हिक्टोरियातले दुसरे व्यापारी दिसतात आणि त्यांतले काही अमेरिकन नागरिक, असा अमेरिकेचा आक्षेप. म्हणजे अमेरिकेने आपल्याच नागरिकाला, आपलाच कायदा मोडल्याबद्दल, ब्रिटनच्या हातून भरपाई द्यायची का? पॅरिसमध्येच अमेरिकेने हा मुद्दा राखून ठेवला होता आणि १८९६ च्या करारातही तो कमिशनरांपुढे ठेवला गेला. या प्रश्नाचं टोकाचं उत्तर पुढे ‘आय ॲम अलोन’ या कॅनडाच्या जहाजाच्या प्रकरणात मिळालं. दारूची चोरटी वाहतूक करणारं हे जहाज अमेरिकेने १९२९ मध्ये मेक्सिकोच्या आखातात बुडवलं. १९३५ च्या अहवालाप्रमाणे अमेरिकेने कॅनडाची माफी मागायची, २५,००० डॉलर द्यायचे, शिवाय कप्तान आणि खलाशांना २५,६६६ डॉलर ५० सेंट. जहाज आणि माल यांसाठी मात्र काहीच नाही, कारण खरे मालक आणि चालवणारे अमेरिकन होते. रजिस्टर, गहाणखत, माल कुणाच्या जोखमीवर होता आणि विम्याचे पैसे कुणी घेतले, हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मी कुठलाही जप्तीचा दावा हाती घेत नाही.

आता त्या शिकाऱ्यांकडे येऊ. नू-चा-नुल्थ शिकाऱ्याला पगार नव्हता, दर कातड्यामागे ठरलेला दर होता. म्हणजे हुकलेल्या शिकारीत मालकाचं जेवढं गेलं, त्याच प्रमाणात त्याचंही गेलं. त्याचा भाला गेला, होडी गेली, हंगाम गेला. पण कराराच्या याद्यांत नाव येतं ते जहाजांचं, आणि वैयक्तिक दावे कप्तान आणि मेट यांचे. लिखित हिशेब जहाजमालकाच्या वहीत होता आणि त्या वहीत हा माणूस खर्चाच्या रकान्यात होता. पाकिस्तानी यंत्रणांनी पकडलेल्या गुजरातच्या बोटींवर पालघरकडचे खलाशी असतात. त्यांच्या बाबतीतही बोटीची किंमत कागदावर येते, खलाशाचा त्या मासळीतला वाटा येत नाही. कुणी असा दावा तयार करत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, वाट्याने काम करणाऱ्यांची यादी आणि त्यांचा ठरलेला वाटा पहिल्याच दिवशी लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह.

साठ मैलांच्या नियमाने सील वाचली नाहीत. माद्या त्याच्या पलीकडे चरायला जात आणि बंदी उठायची नेमकी ऑगस्टला. १९११ पर्यंत प्रिबिलोफचा कळप दीड लाखाच्या आसपास उरला. त्या वर्षी ७ जुलैला अमेरिका, ब्रिटन (कॅनडातर्फे), रशिया आणि जपान यांनी समुद्रातली शिकार बंद करायचा करार केला. कॅनडा आणि जपान यांनी शिकार सोडायची आणि बदल्यात प्रिबिलोफच्या कातड्यांतला प्रत्येकी १५ टक्के हिस्सा घ्यायचा. शिकार थांबवायला या कराराने जे साधलं ते जप्तीने कधीच साधलं नव्हतं, कारण हक्क सोडणाऱ्याला त्याची किंमत मिळाली. त्यानंतर व्हिक्टोरियाच्या शिकाऱ्यांनी धंदा बुडाल्याबद्दल आपल्याच सरकारकडे दावे लावले आणि न्यायमूर्ती ऑडेट यांच्या चौकशीत बहुतेक मागण्या टिकल्या नाहीत. हाही धागा प्रबंधाला उपयोगी पडेल: परक्या सरकारने बेकायदा जप्त केलं तर भरपाई, स्वतःच्या सरकारने कायदेशीर कराराने धंदा बंद केला तर वेगळी कसोटी.

वाचायचा क्रम विचारलात तर मी असा सुचवेन. आधी १८९२ च्या कराराचं आठवं कलम, मग १८९३ च्या निवाड्याला जोडलेली वस्तुस्थिती, मग १८९६ चा करार आणि त्याची दाव्यांची यादी, मग ॲसर यांचे चारही निवाडे. राजकीय पत्रव्यवहार सगळ्यात शेवटी. आणि तक्ता करा: जहाज, जप्तीची तारीख, ठिकाण, कातड्यांची संख्या, मागितलेली रक्कम, मिळालेलं मुद्दल, व्याज. हुकलेल्या शिकारीबद्दल किंग आणि पटनम यांनी शब्दांत काही लिहिलं नसलं, तरी जप्तीची तारीख आणि मिळालेलं मुद्दल यांचे रकाने शेजारी मांडलेत की त्यांनी उरलेल्या हंगामाला काही वजन दिलं की नाही हे तुम्हाला आकड्यांतूनच तपासता येईल. तक्ता झाला की पाठवा, मी ॲसर यांच्या रकमांशी ताडून पाहीन.